पाऊलखुणांचे चित्र : संकेतस्थळावरील वाचक-वर्तनाच्या दृश्यांकनाची चिकित्सा

ग्रंथालयाच्या देवघेव-नोंदवहीत कोणता ग्रंथ कोणी व केव्हा नेला हे लिहिलेले असते. तो ग्रंथ त्याने वाचला की उशाशी ठेवून तसाच परत केला, हे त्या वहीस ठाऊक नसते. आणि कोणताही शहाणा ग्रंथपाल तिला ते विचारीतही नाही. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी झपाट्याने लोपत चालली आहे. तेथेही मुळात असते ती नोंदवहीच : अमुक क्षणी अमुक पृष्ठाची मागणी आली आणि ती पुरविली गेली. परंतु ह्या नोंदींचे रंगीत, हलते, बोट लावताच उलगडणारे चित्र पडद्यावर उमटू लागले की पाहणारा नोंदवही विसरतो आणि आपण वाचकाचे मनच पाहत आहोत असे मानू लागतो. भाषा व साहित्य ह्यांच्या अभ्यासकांनी अशा चित्रांचा पुरावा म्हणून उपयोग करण्यापूर्वी त्यांचे बलाबल तपासून घेणे अगत्याचे आहे. ह्या तपासणीस वऱ्हाडातील उदाहरणे विशेष उपयोगी पडतात, आणि त्याचे कारण स्वतः 'वऱ्हाड' ह्या शब्दातच दडलेले आहे.

प्रथम ह्या साधनाचे गुण मान्य केले पाहिजेत. आकड्यांचे आलेख काढण्याची रीत जुनी आहे. विल्यम प्लेफेअरने इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख १७८६ साली छापले. फ्रेंच नकाशाकार झाक बर्तँ ह्याने १९६७ च्या ग्रंथात स्थान, आकार, छटा, पोत, रंग, दिशा व आकृती ह्या दृश्य घटकांचे जवळजवळ व्याकरणच मांडले. जॉन ट्यूकी ह्याने १९७७ साली सिद्धान्ताच्या सिद्धतेसाठी आकडे राबविण्याआधी ते नुसते चाळून, उलटसुलट करून पाहावेत असा आग्रह धरला. संगणकाच्या पडद्याने ह्या आग्रहाला हात दिले. बेन श्नाइडरमन ह्याने १९९६ साली जो क्रम सांगितला, म्हणजे आधी सबंध देखावा, मग हवा तो भाग जवळ आणणे व नको तो गाळणे, आणि शेवटी मागितला तरच तपशील, तो आज बहुतेक सर्व संवादी दृश्यांकनांचा पाया आहे. छापील आलेख वाचकाला एकच गोष्ट सांगतो; संवादी आलेखाला वाचक प्रश्न विचारू शकतो. हा फरक लहान नव्हे.

मराठी वाचकांविषयी असे प्रश्न विचारण्याचे सर्वांस खुले असलेले साधन म्हणजे विकिपीडियासाठी चालणारे 'पेजव्ह्यूज ॲनालिसिस'. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा कोणताही लेख त्यात घालावा, १ जुलै २०१५ नंतरचा हवा तो कालखंड निवडावा, की त्या लेखाच्या पृष्ठदर्शनांची रेषा समोर येते. दहापर्यंत लेख शेजारी शेजारी ठेवता येतात. दर्शन घरच्या संगणकावरून झाले की भ्रमणध्वनीवरून, मनुष्याने केले की स्वयंचलित यंत्राने, हे वेगळे काढता येते. उभा अक्ष शून्यापासून सुरू करण्याची, तसेच लघुगणकी मापन घेण्याची मुभाही दिलेली आहे. ही शेवटची मुभा दिसते तितकी किरकोळ नाही. शून्यापासून न निघालेल्या अक्षावर रोजच्या वीस-पंचवीस दर्शनांतील मामुली चढउतार सह्याद्रीच्या कड्यांसारखे भासतात, आणि तीच रेषा शून्यावर टेकविली की पूर्णेच्या खोऱ्यासारखी सपाट होते. दोन्ही चित्रे खरी आहेत. कोणते छापावयाचे हे प्रबंधकार ठरवितो, आणि बहुधा आपल्या निष्कर्षाच्या सोयीने ठरवितो.

पर्सने चिन्हांचे जे वर्गीकरण केले आहे त्यातील निर्देशक चिन्ह म्हणजे कारणाशी प्रत्यक्ष जोडलेली खूण : धुरावरून अग्नी, चिखलातील ठशावरून पाऊल. पृष्ठदर्शनाची नोंद ही अशीच खूण होय. तिचा आलेख काढला की ती सादृश्यदर्शक चिन्ह होते, कारण रेषेची उंची दर्शनांच्या संख्येसारखी असते. इथवर सर्व ठीक आहे. परंतु पुढे अहवालात 'रुची', 'पसंती', 'मागणी' असे शब्द येतात, आणि ठशाचे रूपांतर संकेताधिष्ठित प्रतीकात होते. ह्या तिसऱ्या पायरीला आधार देणारे काहीही मूळ नोंदीत नसते. तो अर्थ अहवालकाराने घातलेला असतो. तो चित्रातून निघालेला आहे असा भास तेवढा होतो.

मोजणीचे एककच घ्यावे. भाषावैज्ञानिकास बोलण्याच्या ओघात उक्ती कोठे संपते हे ठरवावे लागते, आणि ते ठरविण्याचा निकष सांगावाही लागतो. संकेतस्थळाच्या मोजणीत 'भेट' ही अशीच पाडलेली फोड आहे. अभ्यागताने अर्धा तास काही हालचाल केली नाही की भेट संपली, असा संकेत सर्वत्र रूढ आहे. मग लेख उघडून जेवायला गेलेला आणि पाऊण तासाने परतून पुढे वाचू लागलेला वाचक दोन भेटी देतो. ह्याहूनही विचित्र गोष्ट काळाच्या मापनाची. जुन्या पद्धतीत एका पृष्ठावरील वेळ पुढच्या पृष्ठाच्या मागणीवरून काढला जाई; म्हणून शेवटच्या पृष्ठावरील वेळ कळतच नसे, आणि एकच पृष्ठ पाहून गेलेल्याचा वेळ शून्य धरला जाई. ज्याने एक दीर्घ लेख अथपासून इतिपर्यंत वाचला आणि तृप्त होऊन संगणक बंद केला, तो त्या हिशेबी आल्यापावली परतलेला ठरे. 'गूगल ॲनालिटिक्स' ह्या २००५ पासून चाललेल्या साधनात अशा एकपृष्ठी भेटीला 'बाउन्स' म्हणत. २०२३ च्या जुलैपासून जुनी मोजणी बंद झाली, आणि नव्या आवृत्तीत दहा सेकंदांहून अधिक टिकलेली भेट बाउन्समधून वगळली गेली. शब्द तोच राहिला, अर्थ पालटला. अर्थपरिवर्तनाची उदाहरणे विद्यार्थी एरवी शतकांच्या अंतरावरून गोळा करतात. येथे ते एका वर्षात घडले, आणि तरीही दोन्ही काळांचे आकडे एकाच रेषेत जोडणारे आलेख बिनदिक्कत काढले जातात. विकिपीडियाच्या मोजणीतही २०२० साली असाच एक सांधा आहे. त्या वर्षी स्वतःची ओळख न देणाऱ्या यंत्रांची दर्शने मनुष्यांच्या दर्शनांतून वेगळी काढण्यात आली. २०१८ व २०२२ ह्यांची तुलना करून 'वाचक घटले' असे म्हणणाऱ्याने हा सांधा आलेखावर दाखविलाच पाहिजे.

नावांचा गोंधळ त्याहून जवळचा आहे. 'अमरावती' हे शीर्षक घ्यावे. २२ ऑक्टोबर २०१५ रोजी आंध्र प्रदेशाच्या नियोजित राजधानीची पायाभरणी झाली. तिचे नाव मराठीत लिहावयाचे तर 'अमरावती' असेच लिहावे लागते. त्या राजधानीचा वाद वृत्तपत्रांत पेटला की वऱ्हाडातील अमरावतीच्या पृष्ठावर चुकून येणाऱ्यांची भर पडणे स्वाभाविक आहे, आणि रेषेचे ते शिखर अंबादेवीच्या यात्रेचे की विद्यापीठाच्या निकालाचे, ह्याचा शोध घेत बसणारा अभ्यासक भलत्याच नदीत जाळे टाकीत असतो. अकोल्याची गोष्ट तशीच. अहिल्यानगर जिल्ह्यातील 'अकोले' ह्या तालुक्याच्या गावाला जाऊ पाहणारा 'अकोला' उघडतो, दोन ओळी पाहतो आणि माघारी फिरतो. मोजणीत तो अकोल्याचा अभ्यागत आहे. संवादी आलेखावर बोट ठेवले तर तारीख कळते, आकडा कळतो. समनामी गावे वेगळी करण्याची सोय त्यात नाही, कारण ती भेदरेषा नोंदीतच नव्हती.

आता मुख्य मुद्दा. 'वऱ्हाड' ह्या शब्दातील ऱ्ह हे मराठीचे खास अक्षर. त्यातील अर्ध्या 'र'चे आडवे, पापणीसारखे रूप हिंदीत वापरले जात नाही. युनिकोडमध्ये हे रूप दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत नुक्त्याचा 'ऱ' घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि त्यामागे अदृश्य असे जोडचिन्ह घालतात. पहिली रीत जुन्या भारतीय संकेतप्रणालीला धरून आहे, दुसरी युनिकोडच्या पूर्वीच्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी मान्य केलेली आहे. दोन्ही वैध आहेत. कागदावर वा पडद्यावर 'वऱ्हाड' आणि 'वर्‍हाड' ह्यांत वाचकाच्या डोळ्याला फरक दिसू नये अशीच अपेक्षा आहे. यंत्राच्या दृष्टीने मात्र पहिला शब्द सहा संकेतांचा व दुसरा सात संकेतांचा, म्हणजे दोन वेगळे शब्द. संकेतस्थळाच्या पत्त्यात देवनागरीचा प्रत्येक संकेत नऊ रोमन चिन्हांत पसरतो. त्यामुळे पत्त्यात उतरल्यावर पहिला वऱ्हाड ५४ चिन्हांचा आणि दुसरा ६३ चिन्हांचा होतो. युनिकोडने समान रूपे एकवटण्यासाठी जे प्रमाणीकरण सांगितले आहे तेही ह्या दोहोंना एक करीत नाही, कारण त्या व्यवस्थेत ती समतुल्य मानलेलीच नाहीत.

कोणता लेखक कोणते रूप टंकतो हे त्याच्या कळफलकावर अवलंबून असते. त्याची त्याला बहुधा जाणीवही नसते. म्हणजे हा लेखनभेद बोलीभेद नव्हे, शैलीभेद नव्हे, पाठभेदही नव्हे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बांधले ते परक्यांच्या नजरेपासून दूर ठेवण्यासाठी, जाणूनबुजून. येथे कोणी काहीही लपवू इच्छीत नसता शब्द लपला जातो. ही आपत्ती 'वऱ्हाड'पुरतीच नाही. 'तऱ्हा', 'दऱ्या', 'गोऱ्या', 'कोऱ्या', 'शेतकऱ्यांचा' ह्या सर्व रूपांत ती आहे. आणि अकोल्याच्या कृषि विद्यापीठासारख्या संस्थेच्या क्षेत्रात 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द किती वेळा शोधला जात असेल हे सांगावयास नको. 'ॲ' ह्या अक्षराचेही असेच : २००८ साली त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत मिळाला, परंतु 'अ'ला अदृश्य जोडचिन्हासह चंद्र लावून लिहिण्याची सवय त्यानंतरही राहिली.

ह्याचा मोजणीवर होणारा परिणाम काल्पनिक आकड्यांनी दाखविणे सोपे आहे. समजा, एखाद्या संकेतस्थळावरील शोधपेटीत महिन्याभरात वऱ्हाडासंबंधी ४० शोध झाले. त्यांपैकी काही पहिल्या देवनागरी रूपाने, काही दुसऱ्या, काही रोमन लिपीत 'व्ही' अक्षराने, काही 'डब्ल्यू'ने, आणि काही 'बेरार' ह्या इंग्रजी अमदानीतील नावाने. प्रत्येकाच्या वाट्यास ८ आले. आता दृश्यांकन करणाऱ्याने १० वा त्याहून कमी वेळा आलेले शब्द गाळले, तर चाळीसच्या चाळीस शोध चित्रातून नाहीसे होतात, आणि एकाच रूपात बारा वेळा शोधलेला दुसरा एखादा शब्द ठळक वर्तुळाने झळकतो. पाहणाऱ्याच्या हाती संवादी साधन आहे खरे. पण जे गाळले गेले त्यावर बोट ठेवण्याची सोय कोणत्याही संवादी साधनात नसते.

दहाचा हा उंबरठा मनचा नाही. वाचक एका लेखावरून दुसऱ्यावर कसे जातात ह्याची 'क्लिकस्ट्रीम' नावाची जी माहिती विकिमीडियाकडून २०१५ पासून प्रसिद्ध होत आली, तीत १० वा त्याहून कमी वेळा घडलेली संक्रमणे वगळण्याचा नियम आहे. सुरुवातीच्या भाषांत मराठीचा समावेश नव्हता. तो असता तरी ह्या नियमाचा भार तिच्यावर इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक पडला असता हे उघड आहे. विपुल वाचक असलेल्या भाषेत अशी गाळणी केवळ कडेचा पाला झाडते. विरळ वाचक असलेल्या भाषेत तीच गाळणी फांद्या तोडते. तरीही नियम चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. एकट्यादुकट्याने केलेल्या वाटचालीवरून तो मनुष्य कोण हे ओळखता येऊ शकते. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आहे, आणि २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. लहान गावातील एखादा वाचक कोणत्या रोगाविषयी वाचतो हे झाकलेलेच राहिले पाहिजे. तेव्हा उंबरठा ठेवावा, पण शब्दाची सर्व रूपे एकत्र करून झाल्यावर ठेवावा. क्रम उलटा झाला की संरक्षण तेवढेच राहते आणि नुकसान मात्र अनेकपट होते. रूपे एकत्र करण्याचे काम संख्याशास्त्रज्ञाचे नव्हे, भाषेच्या अभ्यासकाचे आहे. आणि तोच ह्या वेळी बहुधा आयते चित्र घेऊन बसलेला असतो.

हा वाद केवळ तांत्रिक असता तर त्यासाठी इतका विस्तार करण्याचे कारण नव्हते. परंतु अशा चित्रांवरून निर्णय होतात. 'वऱ्हाडी साहित्यास वाचक नाही', 'ह्या विभागाच्या पृष्ठाला कोणी भेट देत नाही', ही वाक्ये आलेखाच्या आधारे उच्चारली गेली की त्यांना आकड्याचा दरारा प्राप्त होतो, आणि कोणती सामग्री संगणकावर आणावयाची, कोणती धूळ खात ठेवावयाची, हे त्यावरून ठरू लागते. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीला तिचे स्थान मिळाले ते वाचकसंख्येच्या बळावर नव्हे. जो प्रबंधविद्यार्थी चित्रातील रिकाम्या जागेवरून बोलीच्या मरणाचा दाखला देतो, त्याने ती जागा वाचकांनी रिकामी ठेवली की गाळणीने, ह्याचे उत्तर आधी दिले पाहिजे.

स्थळ आणि व्यक्ती ह्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. नकाशावर अभ्यागतांचे ठिपके दाखविणारी दृश्यांकने आकर्षक असतात, परंतु भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून आलेल्याचा ठिपका तो जेथे बसला आहे तेथे न पडता जाळ्याचे प्रवेशद्वार ज्या शहरी असेल तेथे पडू शकतो. दर्यापूरचा किंवा बाळापूरचा वाचक अशा रीतीने मुंबईकर होऊन जातो. तसेच, वेगवेगळे अभ्यागत म्हणून जे मोजले जातात ती बहुधा उपकरणे असतात. घरातील एका भ्रमणध्वनीवर आजोबा, सून आणि नातू वाचतात. मोजणीत ते एक. वसतिगृहातील एकच विद्यार्थी भ्रमणध्वनी आणि प्रयोगशाळेतील संगणक दोन्ही वापरतो. मोजणीत तो दोन.

संवादी दृश्यांकनांत सर्वांत मोहक प्रकार प्रवाहचित्राचा. डावीकडून जाड पट्टे निघतात, फाटे फुटतात, बारीक होत उजवीकडे जातात, आणि वाचक कोठून आले व कोठे गळाले हे एका दृष्टिक्षेपात दिसते. ह्या प्रकारास सँकी ह्या आयरिश अभियंत्याचे नाव आहे. १८९८ साली त्याने वाफेच्या एंजिनात उष्णता कोठे खर्च होते हे असे पट्टे काढून दाखविले. त्याही आधी, १८६९ साली, मिनारने नेपोलियनच्या रशियावरील स्वारीत सैन्य कसे घटत गेले हे नकाशावर पट्ट्याच्या जाडीने दाखविले होते. दोन्ही ठिकाणी पट्टा शोभतो, कारण उष्णता एकजिनसी आहे आणि सैन्य एका हुकमाने एका दिशेने चालले होते. वाचक तसा चालत नाही. तो मागे फिरतो, चार पृष्ठे एकदम उघडून ठेवतो, मधूनच एखाद्या शब्दाचा अर्थ पाहावयास बाहेर जातो. प्रवाहचित्रात त्याचे मागे फिरणेही पुढचे पाउल म्हणून काढावे लागते, आणि कुतूहलाने भटकणारा व वाट चुकलेला ह्या दोघांची जाडी सारखीच भरते. 'गळती' हा शब्द येथे फार घातक आहे. ज्याला हवे ते मिळाले आणि म्हणून जो उठून गेला, त्याला गळालेला म्हणणे हे दुकानदाराच्या हिशेबात बसेल. ज्ञानकोशाच्या हिशेबात ते बसत नाही.

ठशांवरून हेतू कळत नाही हे स्वतः मोजणी करणाऱ्यांच्याही ध्यानात आलेले आहे. विकिपीडियाच्या वाचकांविषयी २०१७ साली इंग्रजीपुरता, आणि पुढे २०१९ साली चौदा भाषांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात संशोधकांनी वाचत असलेल्या लोकांनाच थेट विचारले : हे पृष्ठ कशासाठी उघडले, झटपट एखादी गोष्ट हवी आहे की सविस्तर वाचावयाचे आहे, विषय आधी परिचित होता काय. मग ती उत्तरे त्याच वाचकांच्या नोंदींशी जुळवून पाहिली. मानवी विकासाच्या निर्देशांकात खाली असलेल्या देशांतील वाचक अधिक प्रमाणात सखोल वाचनासाठी येतात, असे त्यात आढळले. त्या चौदांत हिंदी व बंगाली होत्या, मराठी नव्हती. हे काम वऱ्हाडात करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. अमरावती वा अकोला येथील एखाद्या महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तीन प्रश्न ठेवणे, त्यांची उत्तरे वऱ्हाडीतही देऊ देणे, आणि आलेखातील प्रत्येक शिखराजवळ ती उत्तरे वाचणे, एवढे केले तरी आजच्या पुष्कळ अहवालांपेक्षा ते भरीव ठरेल. क्षेत्रीय भाषाविज्ञानात निवेदकास विचारल्यावाचून कोणी रूपाचा अर्थ ठरवीत नाही; वाचकाच्या बाबतीत वेगळा न्याय लावण्याचे कारण दिसत नाही.

पाऊलखुणांची नोंद कशी ठेवावी ह्याचा एक नमुना वऱ्हाडाच्या मातीतच आहे. श्रीचक्रधर जेथे जेथे थांबले, बसले, निजले, त्या स्थानांची नोंद महानुभावांच्या 'स्थानपोथी'त आहे, डॉ. वि. भि. कोलते ह्यांनी ती संपादित केली. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरासारख्या ठिकाणी अशी स्थाने ओटे बांधून दाखविलेली आजही पाहावयास मिळतात. ह्या पोथीत संख्या जवळजवळ नाहीत. स्थान कोणते, शेजारच्या स्थानापासून कोणत्या दिशेस, आणि तेथे काय घडले, इतके सांगितलेले असते. सबंध प्रसंग हवा असेल तर वाचकाने 'लीळाचरित्रा'कडे वळावयाचे. म्हाइंभटाने त्या लीळा ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, विचारून मिळविल्या, आणि जेथे सांगणाऱ्यांत मतभेद पडला तेथे भिन्न पाठही परंपरेने जपले. श्रद्धेचा भाग बाजूस ठेवला तरी पद्धतीचा भाग उरतो. खूण, खुणेची दिशा, खुणेमागचा प्रसंग, आणि तो कोणी सांगितला, ह्या चारही गोष्टी एकमेकींस बांधलेल्या आहेत. आजच्या संवादी आलेखात पहिल्या दोन अतिशय नेमक्या असतात. तिसरी तर्काने भरली जाते. चौथी नसतेच.

विभागात ह्यापुढे जे प्रबंध अशा आलेखांचा आधार घेतील त्यांनी आलेखाखाली दोन ओळी अधिक द्याव्यात असे सुचवावेसे वाटते. एकीत मोजणीची व्याख्या कोणत्या तारखेस बदलली ते असावे. दुसरीत ज्या रूपांची बेरीज करून आकडा काढला त्या सर्व रूपांची यादी असावी. 'वऱ्हाड'पुरती ती यादी आजच करता येते : देवनागरीतील दिसावयास एक पण मोजावयास दोन, रोमन लिपीतील निदान दोन, आणि जुन्या इंग्रजी दफ्तरातील 'बेरार'.